जांभळ्या पट्ट्याची गाडी

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र अवघ्या एका ओळीचं होतं. "काका, प्लॅस्टिकवरचं नेलपॉलिश कशानं निघतं? लवकर सांगा." खाली शीळफाट्याजवळच्या एका सोसायटीचा पत्ता आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली लांब नाकाची एक आगगाडी. बस्स.

आता नेलपॉलिशचा आणि आपल्या 'खेळण्यांचा डबा' या सदराचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण ते 'लवकर सांगा' काही डोक्यातून जाईना. डोंबिवलीहून शीळफाटा लांब नाही. (निदान नकाशात तरी नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर ज्यांनी गाडीत बसून अख्खी दुपार काढली आहे, ते या वाक्याला हसतील.) रविवारी सकाळी लवकर उठून गेलो.

पत्र लिहिणारा मुलगा सहावीत आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंड्या म्हणू. दार त्याच्या आईनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. चार दिवस झाले, खाली खेळायलाच जात नाहीये." बंड्यानं काही न बोलता उशीखालून एक गाडी काढून माझ्या हातात दिली.

गाडी सुरेख होती. जपानची बुलेट ट्रेन, दोन डब्यांची. एका डब्याचं वरचं धड होतं, दुसऱ्याचं कमरेखालचं, आणि दोन्ही जोडले की उभा राहतो रोबो. वरून हिरवी, खालून पांढरी. पण मधोमध जो बारीक पट्टा असतो, त्याच्यावर कुणीतरी गुलाबी नेलपॉलिश फासलेलं. कुठे जाड, कुठे पातळ, दोन ठिकाणी ओघळलेलं. आणि ओघळाच्या कडेनं खालचा मूळ रंग डोकावत होता. जांभळा.

हळूहळू हकिगत बाहेर आली. गाडी दिवाळीत मामानं जपानहून आणली. शेजारच्या विंगमधल्या मुलाकडेही अशीच गाडी आहे, पण तिचा पट्टा गुलाबी. मोबाइलवर पाहिलेल्या कार्टूनमधल्या गाडीचाही पट्टा गुलाबी. झालं! सगळ्या पोरांनी निकाल देऊन टाकला, "बंड्याची डुप्लिकेट. मामानं फसवलं." बंड्याला स्वतःपेक्षा मामाचं जास्त लागलं. म्हणून त्यानं ताईचं नेलपॉलिश घेऊन पट्टा 'बरोबर' केला. पोरं आणखीच हसली.

ताईनं नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरची बाटली आणून ठेवलीच होती. आईनं "आधी कुणाला तरी विचार" म्हणून सांगितलं, त्यामुळे ते पत्र. दोस्तांनो, आईचं ऐकलं म्हणून गाडी वाचली! माझ्या पिशवीत मोडक्या खेळण्यांचे तुकडे नेहमी असतात. त्यातला एक तुकडा काढला, खिडकी उघडली, आणि ताईनं कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवून त्यावर घासला. पाच-सहा वेळा घासताच चकाकी गेली, पृष्ठभाग चिकट झाला आणि तुकड्याचा रंगच कापसाला लागला. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं, आणि अशी खेळणी ज्या टणक प्लॅस्टिकची असतात, ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. म्हणजे गुलाबी रंग निघाला असता, पण त्याच्याबरोबर जांभळाही गेला असता आणि गाडीची कातडीसुद्धा.

"जाऊ दे की जांभळा," बंड्या पुटपुटला. "तो खोटाच आहे."

मी म्हटलं, थांब जरा. खोटा आहे हे तुला कुणी सांगितलं? कुठल्याही खेळण्याला खोटं ठरवण्याआधी, ते ज्याची प्रतिकृती आहे ती खरी वस्तू पाहावी. आपण खऱ्या गाड्यांचे फोटो काढले.

जपानची ई-५ जातीची गाडी ५ मार्च २०११ रोजी धावू लागली. तिच्या सर्वांत वेगवान फेरीचं नाव हायाबुसा, म्हणजे बहिरी ससाणा. हिरवं डोकं, पांढरं पोट, गुलाबी पट्टा. २०१३ पासून ती ताशी ३२० किलोमीटरनं पळते. नाक तब्बल १५ मीटर लांब! आपल्या लोकलचा डबा वीस-एकवीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ पाऊण डबा नुसतं नाक. गाडी भन्नाट वेगानं बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि पलीकडच्या तोंडातून तोफेसारखा आवाज होतो. नाक लांब आणि निमुळतं केलं की हा धडाका कमी होतो.

मग २६ मार्च २०१६ रोजी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटापर्यंत बुलेट ट्रेन पोचली. तिथली रेल्वे कंपनी वेगळी. तिनं गाडी तीच घेतली, नाव दिलं एच-५. (ई म्हणजे ईस्ट, एच म्हणजे होक्काइदो. इतकं सोपं!) तेच नाक, तोच हिरवा, तोच पांढरा. पण पट्टा? बंड्या फोटोवर वाकला आणि एकदम ताठ झाला. पट्टा जांभळा होता. होक्काइदोत उन्हाळ्यात लॅव्हेंडर, लायलॅक, लुपिन अशी जांभळी फुलं फुलतात, त्यांचा हा रंग. डब्यावरचं बोधचिन्हही बदललं. ई-५ वर बहिरी ससाणा, तर एच-५ वर ध्रुवाकडच्या थंडीत राहणारा त्याचा पांढरा भाऊबंद. सुरुवातीला एच-५ च्या गाड्या बांधल्या अवघ्या ४. म्हणजे जपानमध्येसुद्धा रुळांशी उभं राहिलं तर गुलाबी पट्टा पुष्कळदा दिसेल, जांभळा क्वचित.

"म्हणजे ही खरी आहे?"

खरी. टाकारा टोमी या जपानी कंपनीनं २०१५ पासून 'शिंकालिऑन' नावाचे हे गाडी-रोबो काढले, आणि २०१८ च्या जानेवारीत त्यांचं कार्टून सुरू झालं. त्यात ई-५ ही आहे आणि एच-५ ही. नायक ई-५ चालवतो, म्हणून पोरांच्या डोळ्यांसमोर गुलाबी पट्टाच. एच-५ चालवते एक मुलगी, तिचं नाव मिकू. (हे ऐकून ताईनं नेलपॉलिशची बाटली हळूच मागे लपवली आणि गाडी पाहायला पुढे आली.) त्याच कार्टूनमध्ये शत्रूच्या बाजूचा एक काळाकुट्ट शिंकालिऑनही येतो. असा काळा रंग मात्र खऱ्या रुळांवर शोधू नका, तो गोष्टीसाठी बनवलेला आहे.

आणि पिवळा? पिवळी गाडी खरी असते! तिचं लाडकं नाव डॉक्टर यलो. ती प्रवासी घेत नाही, पळता पळता रूळ आणि वरच्या तारा तपासते. पांढऱ्या-निळ्या ७०० जातीच्या गाडीवरूनच ती बनवली, पण पोटात सगळी मोजमापाची यंत्रं. दोन गाड्या होत्या, त्यातली एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिचाही शिंकालिऑन आहे. म्हणजे पाहा, एकाच खेळण्यांच्या कपाटात जांभळा रंग गाव सांगतो, पिवळा काम सांगतो आणि काळा फक्त गोष्ट सांगतो.

आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. २०१९ साली आलेली वंदे भारत पांढरी-निळी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात कासारगोडहून भगव्या-करड्या रंगाची वंदे भारत निघाली, तेव्हा कितीतरी जणांना ती वेगळीच गाडी वाटली. मूळ गाडी तीच, आत काही सुधारणा केलेल्या. नुसत्या रंगावर जाऊ नये आणि रंगाकडे दुर्लक्षही करू नये, ही यातली गंमत आहे.

आता खेळण्यांचे कारखाने एकच गाडी इतक्या रंगांत का काढतात, हे आमच्या एका शेजाऱ्यांनी मला फार छान समजावलं. त्यांनी डोंबिवली एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर वीस वर्षं काढली. ते म्हणतात, "साचा महाग, दाणा स्वस्त." दाणा म्हणजे प्लॅस्टिकचे साबुदाण्यासारखे मणी. ते वितळवून पोलादी साच्यात दाबायचे, गार झाले की वस्तू बाहेर. साचा कोरायला महिनोन्महिने आणि मोठी रक्कम लागते. दाण्यात मिसळायचा रंग बदलायला एवढं काही लागत नाही. मग एका साच्यातून हिरवी गाडी काढली, दोन वर्षांनी काळी, आणि वीस वर्षांनी लोकांना आठवण आली की पुन्हा हिरवी. ही शेवटची म्हणजे पुनर्आवृत्ती, आपल्या पुस्तकांची निघते तशीच.

यातला सर्वांत गाजलेला प्रवास ऐका. जपानच्या टाकारा कंपनीची 'डायक्लोन' नावाची मालिका होती. त्यातल्या यंत्रांत बोटाच्या पेराएवढा चालक बसायचा. १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं यातले आणि टाकाराच्या आणखी एका मालिकेतले साचे घेऊन 'ट्रान्सफॉर्मर्स' सुरू केले. आता रोबो स्वतःच जिवंत, चालक हवा कशाला? चालक गेला. पण साचा तोच, म्हणून कितीतरी खेळण्यांत त्याची बसायची जागा तशीच राहिली. डायक्लोनमधले सहा आगगाडी-रोबो १९८७ साली जपानमध्ये 'ट्रेनबॉट' म्हणून पुन्हा आले. सहा मिळून एक राक्षसी रोबो होतो, त्याचं नाव रायडेन. त्यातला शोकी म्हणजे १९६४ ची पहिली निळी-पांढरी बुलेट ट्रेन आणि युकिकाझे म्हणजे १९८२ ची हिरवी-पांढरी. दोघांचे चेहरे सख्ख्या भावांसारखे, पण हिरवी गाडी बर्फाच्या मुलखातली, म्हणून खऱ्या गाडीत पोटाखालची यंत्रं झाकून बर्फापासून जपलेली होती. पुढे २०२२ मध्ये शोकी अगदी नव्या साच्यात, मोठा होऊन परत आला. ही पुनर्आवृत्ती नव्हे हं! नाव जुनं, अंग नवं.

पुनर्आवृत्ती अगदी जशीच्या तशी असते का? बहुधा नसते, आणि ते फरक शोधण्यातच मजा आहे. ट्रान्सफॉर्मर्सचा पुढारी ऑप्टिमस प्राइम २००२ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्या ट्रकची धुराडी आखूड केलेली होती. लांब टोक मुलांना लागू नये म्हणून. तेव्हाच्या काही विमान-रोबोंची क्षेपणास्त्रं उलट लांब केली, म्हणजे ती गिळली जाऊ नयेत. म्हणजे जुनं आणि नवं शेजारी ठेवलं की मधल्या काळात मोठ्यांना कशाकशाची काळजी वाटू लागली, तेसुद्धा कळतं.

एक गोष्ट मात्र फसवते. पायाखाली किंवा पाठीवर छापलेलं साल पाहून "माझी गाडी इतकी जुनी" म्हणू नका. ते पुष्कळदा साच्यात कोरलेलं असतं. साचा चाळीस वर्षं चालला तर सालही चाळीस वर्षं तेच छापलं जाईल. खोक्यावरचं साल जास्त भरवशाचं. म्हणून सांगतो, खोकी फेकू नका. (आई रागावेल, तिला माझं नाव सांगा.)

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानात एक जुनी गाडी मिळाली. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा क्रीम कलर रेअर आहे. बाकी सगळ्या पांढऱ्या असतात." मी ऐटीत जादा पैसे मोजले. घरी येऊन गाडीचा रोबो केला, तर काखेतला भाग पांढरा शुभ्र! गाडी क्रीम नव्हतीच, काचेच्या कपाटात उन्हानं पिवळी पडली होती. गाडी असताना जे भाग आत दडतात, तिथं ऊन पोचलं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही 'दुर्मिळ रंग' दाखवला की मी आधी रोबो करून काखा पाहतो. दुकानदार विचित्र नजरेनं बघतात, बघू देत.

मग खरी डुप्लिकेट ओळखायची कशी, हे बंड्यानं विचारलंच. रंगावरून तर नाहीच. नक्कल करणारे पुष्कळदा तयार खेळण्यावरूनच साचा घेतात. प्लॅस्टिक गार होताना किंचित आक्रसतं, म्हणून अशी नक्कल मूळ गाडीपेक्षा केसभर लहान निघते. दोन्ही शेजारी उभ्या करून पट्टी लावा. सांधे पाहा. ढिले आहेत का, कडा हाताला बोचतात का, बारीक कोरलेल्या रेषा पुसट आहेत का? स्टेशनबाहेरच्या टोपलीतल्या चायना मालात तुम्हाला हे सगळं एका जागी पाहायला मिळेल. मी तो माल वाईट म्हणत नाही. माझा पहिला रोबो तसलाच होता आणि मी त्याच्याशी जितका खेळलो तितका नंतरच्या एकाही महागड्या गाडीशी खेळलो नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान भावंडं घरात असतील तर ते आधी पाहा, कारण तोंडात जाणाऱ्या वस्तूचा रंग कसला आहे हे महत्त्वाचं. आणि मुलगा एकाच गाडीचे तीन रंग मागू लागला, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. दोन रंगांत फरक काय आणि तो का, हे त्याला सांगता येतं का ते विचारा. सांगता आलं तर पुढच्या वाढदिवसाला विचार करायला हरकत नाही. नाही सांगता आलं तर एक गाडी पुरे. बाबांच्या लहानपणी हा छंद जी. आय. जो च्या सैनिकांवर चालायचा. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली फनस्कूल कंपनी ते सैनिक भारतात बनवायची. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग कधीकधी भलतेच. तेव्हा कुणी म्हणायचं, आपल्याला कसलेही रंग देतात. आज परदेशातले संग्राहक नेमके तेच भलते रंग शोधत असतात. माळ्यावर एखादा सैनिक असेल तर उतरवून पाहा.

एवढं सगळं बोलून झाल्यावर आम्ही कामाला लागलो. कोमट पाण्यात साबण घालून गाडी भिजवली. (आत बॅटरी नाही ना, हे आधी पाहायचं. तिच्यात नव्हती.) मग टूथपिकच्या बोथट टोकानं एकेका कडेपासून नेलपॉलिश उचलायचं. सुई नको, ब्लेड तर मुळीच नको. जाड थर पापुद्र्यासारखा सुटून आला, ओघळही गेले. पण जिथं पातळ हात फिरला होता, तिथं ते प्लॅस्टिकमध्येच मुरलेलं. नेलपॉलिशमध्येही प्लॅस्टिकला खाणारे द्रव असतात ना! तास-दीड तास चौघांनी आळीपाळीनं काम केलं, तरी मागच्या डब्यावर तांदळाच्या दाण्याएवढे तीन गुलाबी ठिपके राहिलेच.

काम करता करता मी बंड्याला त्याच्याच गावची एक गोष्ट सांगितली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यात वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. आणि या बोगद्याचं दुसरं तोंड कुठं? शीळफाट्याला! घणसोली ते शीळफाटा हा जवळपास ५ किलोमीटरचा तुकडा दोन्हीकडून खोदत आणला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आरपार झाला. हा मार्ग आखला तेव्हा त्यावर ई-५ च्याच जातीची गाडी येणार असं ठरलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांच्या संयुक्त निवेदनात तिच्या पुढच्या पिढीचं, ई-१० चं नाव आलं. आणि होक्काइदोला जाणारी हायाबुसा? तीही समुद्राखालूनच जाते. सेइकान नावाचा तो बोगदा सुमारे ५४ किलोमीटर लांब आहे, १९८८ साली सुरू झालेला. एच-५ चं तर गावच समुद्रापलीकडे, तिला घरी जायचं तर तोच रस्ता.

"मग आपल्याकडच्या गाडीचा पट्टा कुठल्या रंगाचा असेल?" बंड्यानं विचारलं.

मी म्हटलं, तूच सांग. तो बराच वेळ ठिपके खरवडायचा थांबून विचार करत राहिला. ताई म्हणाली, भगवा. आई म्हणाल्या, कुठलाही चालेल, पण ट्रॅफिकमधून सुटका करा.

निघताना मी त्याला माझ्या वहीचं एक पान दाखवलं. माझ्याकडच्या प्रत्येक गाडीची मी नोंद ठेवतो. नाव, रंग, कुठून आली, काय तुटलंय, काय बदललंय. दुरुस्त केलेलं असेल तर तेही लपवायचं नाही. बंड्यानं पान नीट वाचलं आणि काही बोलला नाही.

या बुधवारी त्याचं दुसरं पत्र आलं. आत गाडीच्या खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीची नक्कल होती. "एच-५. हिरवा, पांढरा, जांभळा. मामानं जपानहून आणली. मागच्या डब्यावर ३ गुलाबी ठिपके. शीळफाटा आवृत्ती. एकूण संख्या १." खाली लिहिलं होतं, शेजारच्या विंगमधला मुलगा विचारतोय, बदलून देतोस का? मी नाही म्हटलं.